अत्तराचा टँकर

नगरपालिकेच्या कचरा डेपोवर त्या दिवशी चक्क समारंभ होता. शेजारच्या वस्तीतली ठकूबाई मांडवात बसली होती आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात चालली होती. वर्षानुवर्षं वस्ती नाक दाबून जेवत होती. मुली बघायला आलेले पाहुणे चहाला हात न लावता उठून जात होते. आणि पालिकेने शोधलेला उपाय काय, तर कचऱ्याच्या डोंगरावर हिरवं कापड पसरलं आणि टँकर लावून मोगऱ्याचं अत्तर फवारलं!

मुख्याधिकारी तुंगारेसाहेबांनी डोंगरावर झेंडूचा हार वाहिला, टाळ्या घेतल्या आणि माइक हातात धरला.

"दुर्गंधी संपली! वस्तीची तक्रार आजपासून बंद. कुणाला काही बोलायचंय?"

"मला बोलायचंय," ठकूबाई उठली. "साहेब, तुमचं काही चुकलं नाही. आमच्यातही माणूस गेलं की असंच करतात. अंगावर नवं कापड घालतात, अत्तर शिंपडतात, हार घालतात."

साहेबांचं हसू मावळलं.

"पण एवढं करून त्याला घरातच ठेवून कुणी टाळ्या वाजवत नाही. दारात जमलेली माणसं एकच गोष्ट विचारतात." ती मांडवाकडे वळली. "काय विचारतात गं बायांनो?"

अख्खी वस्ती एका आवाजात ओरडली, "उचलायचं कधी?"