भिवराईची कढई

ऐका, फार फार वर्षांपूर्वी घोटणवाडीत भिवरा नावाची लोहारीण होती. नवरा गेल्यावर घण तिनंच हातात घेतला. तिचा घाव ऐरणीवर पडला की डोंगरापलीकडची गुरं कान टवकारायची, असं म्हणतात.

त्या काळी वाडीतल्या कितीतरी तरण्या पोरींना पाळी आली की अंगावरून फार जायचं. ओठ पांढरे पडायचे, चार पावलं चाललं की धाप लागायची. लोक म्हणायचे, हडळ रक्त पिते. ती लोखंडाला भिते म्हणून पोरीच्या उशाखाली विळा ठेवायचे. विळे भिवराच घडवायची. तिची लेक राही तसल्याच विळ्यावर डोकं ठेवून गेली. 

पुढे शेजारच्या बायजाबाईची सून गोजरा अंथरुणाला खिळली. बायजाबाई नवा विळा मागायला आली, तेव्हा भिवरा अंबाडीची भाजी करत होती. आंबट भाजी लोखंडात काळी पडते म्हणून वाडीतल्या बायका ती मडक्यातच शिजवायच्या. भिवराचं मडकं फुटलं होतं, म्हणून तिनं कढई घेतली होती. भाजी काळीकुट्ट झाली. भिवरा बघतच राहिली. हा काळा रंग आला कुठून? कढईच भाजीत उतरली की!

"इळा न्हाई मिळायचा," ती म्हणाली. "लोखंड उशाला ठिवून काय व्हतंय? त्ये पोटात जाया पायजे."

"अगं, पर हडळ?"

"हडळीला म्हनावं, माझ्याकडं ये."

तिनं गोजराच्या उशाखालचा जुना विळा ओढून काढला, भट्टीत घातला आणि त्याचीच कढई घडवली. गोजराची आंबट भाजी रोज त्याच कढईत शिजू लागली. बाहेर बसलेल्या पोरीला सगळ्यांच्या मागून, उरलंसुरलं मिळायचं. भिवरा रोज बायजाबाईच्या दारात ठाण मांडून बसायची आणि गोजराला सगळ्यांच्या आधी जेवायला लावायची.

"मावशी, लोखंडाची चव येतीया," गोजरा कुरकुरायची.

"येऊ दे. लिंबू पीळ अन् गीळ."

महिने गेले. कढई झिजत झिजत इतकी पातळ झाली की तिच्यातून ऊन आरपार दिसायचं, असं म्हणतात. एके दिवशी तिचा तळच नाहीसा झाला. त्याच दिवशी गोजरा चालत भट्टीवर आली आणि तिनं घण खांद्यावर उचलला. भिवरा तिला पोटाशी धरून ढसाढसा रडली.

मग घराघरांतून बायका विळे घेऊन आल्या. त्या साली कापणीला विळे पुरले नाहीत. पुरुषांनी आरडाओरडा केला. भिवरा म्हणाली, "हातानं उपटा."

आता काळ बदलला. अंगावरून जास्त जात असेल तर वाडीतले लोक पोरीला आधी डॉक्टरकडे नेतात आणि लोहाच्या गोळ्या आणतात. त्या गोळीला मात्र तिथं अजून 'भिवराई' म्हणतात. शी काळी झाली तरी पोरी घाबरत नाहीत. गोळी लिंबाच्या पाण्याबरोबर घेतात, चहा बऱ्याच वेळानं. आणि ज्या घरात भिवराई चालू असते, तिथं पहिलं ताट त्या पोरीचं. सासरा खोकतो, नवरा पाटावर चुळबुळ करतो. ती पोटभर जेवून उठली की मगच त्यांना वाढतात.