डोंगराची मागची बाजू

एकदा एका देशाचे दोन तुकडे होता होता राहिले. त्या देशाच्या दक्षिणेला, डोंगरापलीकडच्या खोऱ्यात, कापसाच्या आणि निळीच्या अफाट जमिनी होत्या. तिथे राबणारी माणसे गुराढोरांसारखी विकली जात. उत्तरेला ते पटत नव्हते. सभांमध्ये वाद मिटला नाही, दक्षिणेने आपली राजधानी वेगळी मांडली आणि एकाच देशातली माणसे एकमेकांवर चालून गेली. पुष्कळ रक्त सांडल्यावर देश एक राहिला आणि गुलामगिरी संपली. माणसे मुक्त झाली. पण त्यांच्या खोऱ्यात शाळा यायला मात्र आणखी एक पिढी जावी लागली.

ती शाळा एका शेठजींनी बांधून दिली. शिकवायला कुणाला पाठवायचे, हे ठरवण्याचे काम राजधानीतल्या एका वृद्ध गुरुजींकडे आले.

गुरुजींच्या विद्यालयात एक जुनी पद्धत होती. युद्धाचा इतिहास तिथे मातीच्या पटावर शिकवीत. लाकडी फळीवर ओल्या मातीचा डोंगर उभारायचा, नदी कोरायची, उत्तरेचे सैनिक निळे आणि दक्षिणेचे तांबूस रंगवून जागच्या जागी मांडायचे आणि ऐकणाऱ्यांसमोर एकेक लढाई सांगायची. पटाची उत्तरेकडची बाजू नेहमी श्रोत्यांकडे असे, कारण साऱ्या मोठ्या लढाया डोंगराच्या त्याच अंगाला झाल्या होत्या.

कुमुद ही त्या विद्यालयातली सर्वांत अबोल विद्यार्थिनी. चार मोठी माणसे समोर आली की तिचे शब्द घशातच अडकत. पण लहान मुलांमध्ये बसली की ती तासन्‌तास बोले. त्या खोऱ्यातल्या शाळेत आपणच जावे असे तिला मनापासून वाटत होते. फक्त ही गोष्ट तिने कुणाला सांगितली नव्हती. तिच्या वर्गातला देवदत्त मात्र सगळ्यांना सांगत सुटला होता की, दक्षिणेत तोच जाणार.

निवडीच्या दिवशी शेठजी स्वतः आले. देवदत्ताने आपला पट मांडला आणि खणखणीत आवाजात युद्ध सांगितले. पुलाची लढाई, जिथे उत्तरेचा दारुण पराभव झाला. मग खिंडीची लढाई, जिथे दक्षिणेचा सेनापती रणंजय याने आपले उत्तम घोडदळ गमावले. मग शिरसगडाचा वेढा आणि उत्तरेचा सेनापती धैर्यसेन याच्यापुढे रणंजयाने खाली ठेवलेली तलवार.

“वा!” शेठजींनी मांडीवर थाप मारली. “तोफा ऐकू आल्या बघा, गुरुजी!”

मग कुमुदची पाळी आली. तिचा पट देवदत्ताच्या पटापेक्षा सुंदर होता. नदीच्या पाण्यावर तिने पुलाची सावलीसुद्धा रंगवली होती. पण बोलायला उभी राहिली आणि तिचा आवाज विझला.

“पुलाची... पुलाच्या लढाईत धैर्यसेनाने... म्हणजे तेव्हा तो सेनापती नव्हता...”

“पूल ओलांड, कुमुद, पूल ओलांड,” देवदत्त हळूच म्हणाला. मागची मुले हसली.

गुरुजी हसले नाहीत. ते उठले, पटापाशी आले आणि म्हणाले, “कुमुद, तू पलीकडे जा. डोंगराच्या मागे. आणि खाली जमिनीवर बस.”

कुमुदचा चेहरा उतरला. त्या विद्यालयात धडा न येणाऱ्याला जमिनीवर बसवीत. ती मान खाली घालून पटाच्या मागे गेली आणि बसली. तिचे डोळे आता डोंगराच्या पायथ्याशी आले होते.

“गुरुजी, पोरीला शिक्षा कशाला?” शेठजी कुजबुजले. “नाही येत तर नाही येत.”

गुरुजींनी त्यांना हातानेच थांबवले. “कुमुद, तिथून काय दिसतं?”

तिने मान वर केली. तिच्यासमोर तिच्याच हातचा डोंगर होता. पण या अंगाला त्याला रंग नव्हता. कोरडी, भेगाळलेली माती आणि तिच्या बोटांचे ठसे. इकडे कुणी बसतच नाही, म्हणून पटाची ही बाजू कुणी रंगवीत नसे. तिनेही रंगवली नव्हती.

“माती दिसते, गुरुजी.”

“धैर्यसेनाची फौज कुठं आहे?”

“दिसत नाही.”

“रणंजयाची?”

“तीही नाही.”

“मग कोण जिंकतंय?”

“इथून कसं कळणार?” एरवी ती असे उलट बोलली नसती, पण खरोखरच काही दिसत नव्हते.

“बरं. समज, तू त्या खोऱ्यात राहतेस. उद्या तुला विकतील की परवा, ठाऊक नाही. डोंगरापलीकडून नुसते आवाज येताहेत. डोंगर ओलांडून पलीकडे जाशील?”

कुमुदने डोंगरमाथ्याकडे पाहिले. सगळे तिच्याकडे पाहत होते आणि खरे उत्तर लाजिरवाणे होते.

“नाही जाणार,” ती म्हणाली. “मला भीती वाटेल.”

“मी जाईन!” देवदत्त उसळून म्हणाला. “एका रात्रीत जाईन!”

“तू जाशील रे,” गुरुजी प्रेमाने म्हणाले, “तुला शेवट ठाऊक आहे.”

मग ते तिथेच, कुमुदशेजारी, गुडघे सांभाळत खाली बसले. शेठजी संकोचून खुर्चीच्या कडेला आले.

“तरुणपणी मी धैर्यसेनाच्या छावणीत पहारेकरी होतो,” गुरुजी म्हणाले. “पुलाची लढाई आम्ही नुकतीच हरलो होतो आणि त्यानंतरच तो सेनापती झाला होता. अर्धे तंबू रिकामे. आणि त्याच सुमारास डोंगरावरून माणसं उतरू लागली. डोक्यावर भांडी, कडेवर पोरं. त्यांना वाटलं होतं, आम्ही जिंकतोय. आम्हाला पाहून त्यांना कळलं, की तसं काही नाही. तरी ती परत गेली नाहीत. त्या वेळी आमचे राष्ट्रप्रमुखसुद्धा म्हणत होते, हे युद्ध देश एक ठेवण्यासाठी आहे; गुलामांचं नंतर बघू. पण माणसं दारात येऊन बसली, रोज आणखी येत राहिली. त्यांना परत पाठवायचं तर मालकाच्या हाती द्यायचं. ठेवून घ्यायचं तर ती कोण म्हणून? राजधानीला निरोपामागून निरोप गेले. शेवटी राष्ट्रप्रमुखांना सांगावं लागलं, की ही माणसं मुक्त आहेत. मग त्यांच्यातलेच कितीतरी जण निळा अंगरखा घालून खिंडीत आमच्या बाजूनं लढले. पटावर आपण सेनापती मांडतो आणि ते बरोबरच आहे. त्यांच्यावाचून लढाया झाल्या नसत्या. पण हे युद्ध कशासाठी आहे, ते ठरवलं डोंगराच्या या बाजूच्या माणसांनी. काहीही दिसत नसताना. आणि भीती त्यांनाही वाटत होती, कुमुद. ती तुझ्याइतकीच वाटत होती.”

गुरुजी कुमुदकडे वळले. “आता सांग. इथूनच सांग.”

कुमुदने उभे राहण्याचा प्रयत्न केला नाही. खाली बसून, मातीकडे पाहत, लहान मुलांना सांगावे तसे ती सांगू लागली. एक बाई कापूस वेचते आहे. डोंगरामागे गडगडते. मुलगी विचारते, पाऊस येतोय का? बाई आकाशाकडे बघते. आकाश निरभ्र आहे.

“धैर्यसेन कुठं गेला?” शेठजींना राहवले नाही.

“येईल, शेठजी,” कुमुद म्हणाली. “अजून त्याचा नुसता आवाजच येतोय.”

शेठजी हसले, आणि मग हसता हसता खुर्चीवरून उतरून, पागोटे सावरत तिच्या बाजूला येऊन वाकून बघू लागले. कुमुदच्या गोष्टीत पूल आला, खिंड आली, शिरसगडही आला. एकही लढाई सुटली नाही. फक्त प्रत्येक लढाई आधी कानांवर आली, मग धुरातून दिसली, मग वाटेत भेटलेल्या जखमी शिपायाच्या तोंडून कळली. बाई डोंगरमाथ्यावर पोहोचली आणि तिला पहिल्यांदा दोन्ही फौजा दिसल्या, तेव्हा देवदत्त आपली जागा सोडून पुढे सरकला होता.

गोष्ट संपल्यावर गुरुजींनी विचारले, “त्या शाळेत पहिल्या दिवशी काय सांगशील?”

“काहीच नाही,” कुमुद म्हणाली. “आधी मुलांना विचारीन. तुमचे आजी-आजोबा कुठल्या वाटेनं डोंगर चढले, ते घरी विचारून या म्हणेन. मग त्या वाटा पटावर काढू. लढाया त्यानंतर.”

गुरुजींनी शेठजींकडे पाहिले. शेठजींनी मान डोलावली. “रंगाची पेटी माझ्याकडून,” ते म्हणाले. “मोठी देतो. ही बाजू पण रंगवायची म्हणजे दुप्पट लागणार.”

देवदत्ताचे तोंड जरा पडले होते. तो पटामागे आला, कुमुदशेजारी बसला आणि डोंगराकडे टक लावून पाहू लागला.

“खरंच काही दिसत नाही गं,” तो म्हणाला.

“बस थोडा वेळ,” कुमुद म्हणाली आणि त्याला जागा करून देण्यासाठी सरकली.

आपण इतिहास वाचतो तेव्हा शेवट आपल्या हातात असतो. ज्यांनी तो घडवला, त्यांच्या हातात तो नव्हता, एवढे आठवले तरी त्यांचे धैर्य आपल्याला नीट दिसू लागते.