कंपनीचा क्लच

एका गावात एक भोळा मेव्हणा होता. त्याचं नाव तातोबा. गावात कुणी त्याच्या हाती सायकलचा पंपसुद्धा देत नसे, कारण एकदा त्याला "हवा बघ" म्हणून सांगितलं होतं आणि तो तासभर आभाळाकडे बघत बसला होता.

त्याच्यावर विश्वास टाकणारा जगात एकच माणूस होता, त्याचे दाजी. म्हणजे थोरल्या बहिणीचा नवरा, धैर्यशील. दाजींना गाडीचं वेड. त्यांनी आपल्या टर्बो गाडीचं ट्यूनिंग करून इंजिनाचा जोर दीडपट केला होता. जोर वाढला, पण क्लच मात्र होता तोच राहिला. गेल्या वर्षी खिंडीच्या घाटातल्या शर्यतीत तिसऱ्या वळणावर दाजींनी जोर दिला, तेव्हा इंजिन नुसतं ओरडलं आणि गाडी जागची हलेना. क्लच घसरला होता, इंजिनाचा जोर चाकांपर्यंत पोचतच नव्हता. मागचे सगळे पुढे गेले, त्यात एक जीपवालाही होता. ते दाजींना फार लागलं.

यंदा शर्यत रविवारी होती. दाजींना त्याआधी आठवडाभर कामासाठी पुण्याला जायचं होतं. गाडी त्यांनी सासुरवाडीला आणून लावली आणि किल्ली तातोबाच्या हातात दिली.

"तात्या, रोज थोडी फिरव. उभी ठेवली तर बॅटरी बसते. पण क्लच सांभाळ. रविवारपर्यंत क्लच टिकला, तर शर्यतीत तुला शेजारी बसवतो. हेल्मेट घालून."

हेल्मेट म्हटल्यावर तातोबाचे डोळे भरून आले. "काय करू सांगा, दाजी."

"एकच कर. क्लचवर पाय ठेवून बसायचं नाही."

तातोबाच्या हे पक्कं लक्षात राहिलं. त्याच्या सगळं पक्कं लक्षात राहायचं, तीच तर अडचण होती.

पहिल्या दिवशी तो दुधाचे कॅन घेऊन डेअरीकडे निघाला. डेअरी आली. ब्रेक दाबला. क्लचवर काही पाय ठेवला नाही. गाडीनं दोन गचके दिले, एक उडी मारली आणि डेअरीच्या ओट्याला तोंड लावून बंद पडली. दूध पुढच्या काचेपर्यंत आलं.

संध्याकाळी दाजींचा फोन. "क्लच कसा आहे?"

"झकास. पाय लावला न्हाई. दूध तेवढं सांडलं."

दाजींनी सगळं ऐकून घेतलं. "अरे, थांबताना क्लच दाबायचा असतो. थांबायचं म्हटलं की क्लच पार तळापर्यंत दाबून धरायचा."

"तळापर्यंत. बरं, दाजी."

दुसऱ्या दिवशी देवळाच्या चढावर शेरडं आडवी आली. तातोबा थांबला. क्लच तळापर्यंत दाबून धरला. गाडी मागे सरकायला लागली. तातोबानं दोन्ही पाय क्लचवर ठेवून आणखी जोरानं दाबला. गाडी देवळावरून मागे आली, चावडीवरून मागे आली, धुणं धुणाऱ्या बायकांना वळसा घालून थेट तळ्यात उतरली आणि बंपर बुडाल्यावर थांबली.

"क्लच कसा आहे?" दाजींनी विचारलं.

"तळापर्यंत धरला होता, दाजी. तळ्यापर्यंत सोडला न्हाई. बैल लावून गाडी काढली, आता वाळालीय."

 दाजी म्हणाले, "तात्या, चढावर हँडब्रेक ओढायचा. चढ लागला की हँडब्रेक. मग गाडी मागं येत नाही."

"चढ लागला की हँडब्रेक. बरं, दाजी."

तिसऱ्या दिवशी तो दळण घेऊन त्याच चढावर आला. चढ लागला. त्यानं हँडब्रेक ओढला आणि तसाच चढायला लागला. गाडी निघेना. त्यानं जोर दिला. टर्बोनं शीळ घातली, इंजिन ओरडलं, गाडी मुंगीच्या पावलानं सरकली आणि आत असा जळका वास सुटला, की पिशवीतल्या पिठाला महिनाभर तोच वास येत राहिला. पण गाडी एक वीतभरही मागे आली नाही. तातोबा घरी शीळ घालत आला.

संध्याकाळी फोनवर हे ऐकून दाजी ओरडलेच. "वास? कसला वास?"

"जळका. रबर जाळल्यावानी."

"अरे, तो क्लच जळतोय! तात्या, पाया पडतो तुझ्या. वास आला की जिथं असशील तिथं थांब. गाडी बंद कर, बॉनेट उघड आणि वास पार गेल्याशिवाय हलू नकोस."

"हलत न्हाई. बरं, दाजी."

आता झालं असं, की शुक्रवारी तातोबाच्या मावसबहिणीचं लग्न होतं, दोन गावं पलीकडे. नवरीचे मामा तातोबाच्याच घरी उतरलेले. आई म्हणाली, "मामांना वेळेवर पोचीव. मामांशिवाय नवरी मांडवात येत न्हाई."

तातोबा मामांना घेऊन निघाला. पाय सांभाळला, चढ सांभाळला. मामा खूश होते. नवा फेटा सारखा आरशात बघत होते. एवढ्यात साखर कारखाना आला आणि मळीचा वास आला.

तातोबानं तिथंच गाडी थांबवली. बंद केली. बॉनेट उघडलं.

"काय झालं?" मामांनी विचारलं.

"वास आलाय."

"अरे, कारखान्याचा वास हाय तो."

"कुणाचा का असंना, मामा. गेल्याशिवाय हलायचं न्हाई."

पण कारखान्याचा वास तो. गाळप संपेपर्यंत तो कुठं जाणार? तास गेला. उसाच्या बैलगाड्या गेल्या, ट्रॅक्टर गेले, वास काही गेला नाही. तिकडे मांडवात भटजी घसा फोडून सांगत होते, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." मुलीचे मामा उसाच्या फडाजवळ फेटा सोडून बॉनेटला वारा घालत होते. शेवटी नवरीला शेजारच्या गावच्या कुणा भलत्याच मामांनी आणलं, आणि ते मामा आहेराचा फेटाही घेऊन गेले.

रात्री दाजी फोनवर ओरडले नाहीत. ओरडायचं बळच त्यांच्यात उरलं नव्हतं. "तात्या, आता गाडीला हात लावू नकोस. नीट ऐक. इंजिन मी तगडं करून घेतलंय, पण क्लच गाडीबरोबर आलेला, कंपनीचाच आहे. मोठा क्लच मागवलाय, तो अजून यायचाय. कंपनीचा क्लच आहे, त्याला काही होऊ देऊ नकोस. बस, एवढंच कर."

तातोबानं फोन ठेवला आणि कपाळावर हात मारला. क्लच कंपनीचा आहे, हे इतके दिवस त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

शनिवारी सकाळी आई शेजारणीचं पातेलं परत द्यायला निघाली होती. पातेल्यात तिनं भोपळ्याच्या घाऱ्या ठेवल्या.

"ह्या कशाला?" तातोबानं विचारलं.

"दुसऱ्याची वस्तू रिकामी परत देऊ नये, बाबा. आणि ठेवूनबी घेऊ नये. आपल्याकडं ऱ्हायली नि काय झालं, तर आळ आपल्यावर."

तातोबाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

क्लच झिजू नये म्हणून त्यानं गाडी ट्रॅक्टरला बांधून मिस्त्रीकडे नेली. "क्लच काढा."

"बिघडलाय?"

"न्हाई. कंपनीला परत द्यायचाय."

मिस्त्रीला वाटलं, वॉरंटीचं काही असेल. त्यानं गिअरबॉक्स उतरवला आणि क्लचची प्लेट काढून दिली. "आता याच्या जागी काय बसवू?"

"काय नको. दाजींचा मोठा यायचाय."

मिस्त्रीनं गिअरबॉक्स पुन्हा बसवला आणि गाडी तशीच ट्रॅक्टरमागे घरी आली. प्लेट भाकरीएवढी होती. ती भाकरीच्या डब्यात बरोबर बसली. तातोबानं तिच्यावर घाऱ्या रचल्या, डबा फडक्यात बांधला आणि एसटीनं तालुक्याच्या शोरूमला गेला.

काउंटरवरच्या माणसानं प्लेट उलटसुलट बघितली. "तक्रार काय आहे?"

"तक्रार काय न्हाई. लई चांगला होता. आमच्याकडून काय झालं असंल तर माफी असावी."

त्या माणसाला काही कळलं नाही. त्यानं प्लेट आत नेली. घाऱ्याही आत नेल्या.

रविवारी सकाळी दाजी आले. अंगणात गाडी धुऊनपुसून उभी, बॉनेटला झेंडूची माळ. शेजारच्या सीटवर तातोबा पहाटेपासून हेल्मेट घालून बसलेला. दाजींना भरून आलं. आठवड्यात पहिल्यांदाच ते हसले. "तात्या, आज जीपवाल्याला दाखवतो."

त्यांनी गाडी चालू केली. पहिला गिअर टाकला. जोर दिला. टर्बोनं शीळ घातली, इंजिन ओरडलं, कोंबड्या माळवदावर चढल्या. गाडी जागची हलेना. दाजींनी आणखी जोर दिला. माळेची दोन फुलं गळून पडली, बाकी काही हललं नाही.

दाजींनी तातोबाकडे वळून बघितलं. "तात्या... क्लच गेला?"

"व्हय, दाजी," तातोबा हेल्मेटच्या आतून म्हणाला. "कालच गेला. सुखरूप पोचला."

"कुठं पोचला?"

"कंपनीत. मी सोता नेऊन दिला. आता त्याला काय बी व्हायचं न्हाई."

दाजींनी डोकं स्टिअरिंगवर टेकलं. हॉर्न वाजायला लागला आणि वाजतच राहिला. तातोबाला फार वाईट वाटलं. त्यानं दाजींच्या पाठीवर हात ठेवला.

"मलाबी लई लागलं, दाजी. मी डबाभर घाऱ्या दिल्या. आणि एवढी मोठी कंपनी, डबा रिकामाच परत दिला."