माशीचा वाटा

ऐका माशीमाय, तुमची कहाणी. डोंगराच्या पाठीवर एक आटपाट गाव होतं. तिथं सगुणा नावाची बाई नांदत होती. तिच्या चुलीमागच्या भिंतीत एक मडकं आडवं बसवलेलं. बाहेरून बोटाएवढं भोक, आतून झाकण, आणि मडक्यात मधमाश्यांचं बिऱ्हाड. सासूनं जाताना वसा दिला, "सूनबाई, कार्तिकात झाकण काढावं. अर्धा मध आपण घ्यावा, अर्धा माशीचा वाटा म्हणून ठेवावा. थंडीत फुलं नसतात, माशी त्यावरच तगते. उतू नकोस, मातू नकोस, घेतला वसा टाकू नकोस."

पुढं सगुणाच्या लेकीचं लग्न झालं. विहीणबाई मोठ्या घरच्या. आपण कुठं कमी दिसता कामा नये, असं सगुणाच्या मनानं घेतलं. मग काय केलं? कार्तिकात सगळंच पोळं कापलं. घरोघर मधाचं वाण दिलं. "आमच्याकडे नुसतं उतू जातं हो!" म्हणाली. कसली मिरवली बाई! माशीचा वाटा ती विसरली, असं नव्हे. आठवत होता, म्हणूनच झाकण लावताना तिनं आत बघितलं नाही.

मग पौष आला. डोंगरावर हिंव पडलं. सगुणा चुलीशी बसली, तर भिंत मुकी. बाहेर जाऊन बघते, तो भोकाखाली मेलेल्या माश्यांचा सडा. झाकण काढलं. उरलेल्या मूठभर माश्या एकमेकींना बिलगून थरथरत होत्या, जवळ मधाचा थेंब नव्हता. सगुणाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं गूळ ठेवला, माश्या शिवल्या नाहीत. त्यांना मधच हवा होता, आणि मध तर गावभर वाटलेला.

मग पदर तोंडाशी धरून ती शेजारणीकडे गेली. शेजारीण हसली, "दिलेलं वाण कुणी परत मागतं का गं?" मग पाटलीणबाईंकडे गेली. त्यांनी दारच लोटलं. मग विहीणबाईंकडे गेली. लेक दाराआड उभी होती.

"आता कशाला हवा? तुमच्याकडे तर उतू जातं ना, विहीणबाई?" लेकीच्या सासूनं विचारलं.

"नव्हतं जात," सगुणा म्हणाली. "मोठं दिसावं म्हणून माशीच्या तोंडचं काढून तुम्हांला वाढलं. आता त्या मरायला टेकल्यात."

लेकीनं मान खाली घातली. सगुणाला धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. विहीणबाई आत गेल्या, बरणी घेऊन आल्या. तिला बोटसुद्धा लावलेलं नव्हतं. "आधी कळतं तर मी घेतलाच नसता," एवढंच बोलल्या. ते बोल सगुणाच्या जिव्हारी लागले.

घरी येऊन तिनं मध कोमट पाण्यात कालवला. माशी बुडू नये म्हणून वर गवताच्या काड्या टाकल्या. वाटी मडक्यात सरकवली, झाकण शेणामातीनं लिंपलं, भोकाला वाऱ्याचा आडोसा केला. चूल विझू दिली नाही.

सकाळी ऊन भिंतीवर आलं. भोकातून एक माशी बाहेर आली, सगुणाच्या हातावर बसली. सगुणा म्हणाली, "चाव गं माये. एकदा तरी चाव." माशीनं तिच्या बोटाला लागलेला मध टिपला, आणि चावली नाही. मग सगुणा भिंतीला डोकं टेकून रडली.

माशीमाय जशी सगुणाच्या बिऱ्हाडी तगली, तशी तुम्हां-आम्हां ऐकणारणींच्या घरी तगो. चुकलं तर कबूल करायला तोंड मिळो. ही साठां बोलांची कहाणी पांचां बोलांत गोड होवो, सुफळ होवो.