केसाएवढी फट

एकदा एक मोटार अगदी मुकी झाली, आणि तिच्या मुकेपणाचा एका तरुण कारागिराला फार अभिमान वाटला. त्या अभिमानाचे पुढे काय झाले, त्याची ही गोष्ट.

एका घाटाच्या पायथ्याशी एका वृद्ध कारागिराचे गॅरेज होते. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. हा तरुण त्यांचा शिष्य. हात तयार, नजर तीक्ष्ण, स्वभाव मात्र तापट. आणि मनात एक जुना सल. उस्ताद त्याला काम सांगत आणि दारापाशी स्टुलावर जाऊन बसत. कधी वाकून पाहणे नाही की पाठीवर थाप नाही. आपण यांचे कोणीच नाही, अशी शिष्याची खात्री होत चालली होती. शहरातल्या एका मोठ्या गॅरेजने त्याला बोलावले होते. हातातले काम संपवायचे आणि निरोप घ्यायचा, असे त्याने मनाशी ठरवून टाकले.

ते काम एका व्यापाऱ्याच्या मोटारीचे होते. गाडी साधीच, चारचौघांकडे असते तशी. "घाटात ओढत नाही हो," व्यापारी म्हणाला, "आणि बॉनेटखाली सारखी टिकटिक. घाटापलीकडे लेक दिलीय. तिच्याकडे जाताना दर वळणाला देवाचं नाव घ्यावं लागतं. काहीतरी नवीन बसवा, पण हिला जोर आणा."

उस्ताद शिष्याला एवढेच म्हणाले, "नवीन काही नको. तिचं जे आहे, ते तिला परत मिळू दे." आणि स्टुलावर जाऊन बसले.

शिष्याने जीव ओतला. हवेच्या फिल्टरवर धुळीचा थर बसला होता. नाक चोंदलेल्या माणसाने डोंगर चढावा तरी कसा? त्याने फिल्टर बदलला, प्लगवरची काजळी काढली, काळे पडलेले तेल बदलले, चाकांत नेमकी हवा भरली. शेवटी राहिले टॅपेट. इंजिनातले व्हॉल्व्ह दाबून उघडणारा हा इवलासा भाग. तो आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये बारीकशी फट असते, आणि टिकटिक तिथूनच येते. शिष्याने टॅपेट कसून ती फटच मिटवून टाकली. इंजिन सुरू केले, तर टिकटिकीचा मागमूसही नाही. त्याने ऐटीत दाराकडे पाहिले.

उस्तादांनी डोळे मिटून क्षणभर ऐकले. मग म्हणाले, "चल, घाट चढवून आणू. हत्यारांची पेटी मागे ठेव." गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी गाडी घाटाने वर नेऊन आणायची, हा त्या गॅरेजचा शिरस्ताच होता.

सपाटीवर गाडी अशी धावली की शिष्याला हसू लपवता येईना. घाट लागला. चढ वाढला तसे इंजिन तापले, आणि अर्ध्या वाटेवर गाडीचा दम गेला. त्याने गिअर उतरवला, पुन्हा उतरवला. गाडी थरथरली आणि एका वळणावर बंद पडली. शिष्याचा चेहरा उतरला.

उस्तादांनी बॉनेट उघडले आणि कठड्यावर बसून म्हणाले, "निवू दे."

गाडी निवत होती, शिष्य तापत होता. अखेर तो म्हणालाच, "उस्ताद, तुम्हाला खालीच कळलं होतं. तेव्हा का नाही बोललात? इतकी वर्षं तुम्ही असेच लांब बसता. माझं चुकलं काय अन् साधलं काय, तुम्हाला त्याचं काहीच नाही. मी शहरात चाललोय."

"बरं," उस्ताद म्हणाले आणि दरीकडे पाहत राहिले.

इंजिन पुरते गार झाल्यावर ते उठले. वरचे झाकण काढून त्यांनी शिष्याने इतक्या निगुतीने कसलेले टॅपेट एकेक करून सैल केले, पोलादाची एक पातळ पट्टी फटीतून जेमतेम सरकेल इतपतच. गाडी सुरू होताच टिकटिक परत आली; हलकी, एकसारखी.

"हीच तर व्यापाऱ्याची तक्रार होती," शिष्य कळवळून म्हणाला.

"चालव."

आणि ज्या वळणावर ती बंद पडली होती, ते तिने सहज मागे टाकले. पुढचेही, त्याच्या पुढचेही. माथ्यावर शिष्याने गाडी थांबवली आणि तो उतरून बॉनेटपाशी गेला.

उस्ताद म्हणाले, "त्या व्हॉल्व्हच्या पलीकडे आग आहे, बाबा. डोळ्याचं पातं लवेस्तोवर तो कितीदा उघडतो अन् मिटतो. दर वेळी पुरता मिटला तरच जोर टिकतो. गार असताना तुझं काम बिनचूक होतं. पण लोखंड तापलं की वाढतं. तू त्याला वाढायला जागाच ठेवली नाहीस, म्हणून तो मिटेना अन् सगळा जोर निसटून गेला. असंच चालवत राहिलो असतो, तर जळला असता तो. ती टिकटिक ऐकू आली की मी निर्धास्त असतो."

शिष्याने बॉनेटवर तळवा ठेवला. आत वणवा होता, आणि केसाएवढ्या रिकाम्या जागेने तो सांभाळला होता. रोज हाताळलेल्या त्या यंत्रापुढे त्याला प्रथमच हात जोडावेसे वाटले. मग त्याने हळूच विचारले, "आणि तुम्ही लांब बसता ते?"

"तू लवकर तापतोस," उस्ताद म्हणाले. "पहिल्याच दिवशी ओळखलं. तुला चिकटून बसलो असतो, तर तुझ्यातला कारागीर जळला असता. लांब बसायचो खरा, पण कान तुझ्याकडेच. पाना कुठल्या नटावर चाललाय, ते मला आवाजावरून कळायचं."

शिष्याने मान वळवून दरीकडे पाहिले. डोळ्यांतले पाणी उस्तादांना दिसू नये म्हणून. उस्तादही दुसरीकडे पाहू लागले.

आपणही प्रेमापोटी माणसांना असेच कसत जातो, आणि ती ऐन चढावर का थांबली, म्हणून नवल करतो.

शहरातल्या गॅरेजला नकार गेला. दुसऱ्या दिवशी उस्ताद नेहमीसारखे दारापाशी स्टुलावर बसले. आत शिष्य कामाला लागला, आणि त्याने पाना जरा मोठ्यानेच वाजवला.