चुलीवालीचा शब्द

फार जुन्या काळची गोष्ट. नदीकाठच्या एका नगरीत एक चुलीवाली राहायला आली. पुरात तिचं घर गेलं होतं, घरधनी गेला होता. पदरात दोन लहान मुली होत्या आणि हातात एक कला होती. तिनं घातलेली चूल धुरकटत नसे.

पण हे त्या परक्या नगरीत कुणाला ठाऊक? दवंडी पिटायची तर दवंडीवाला पायलीभर जोंधळे मागे, आणि तिच्या घरात ओंजळभरही नव्हते.

मग ती धर्मशाळेच्या आचाऱ्याकडे गेली. म्हणाली, "दादा, एक चूल फुकट घालून देते. धूर झाला तर लाथेनं मोडा. नाही झाला तर जेवायला येणाऱ्यांना एवढंच सांगा, की ही कुणी घातली."

धूर झाला नाही. आचाऱ्यानं दहाजणांना सांगितलं, दहाजणांनी आपापल्या घरी. चुलीवाली ज्या घरी जाई, तिथल्या बाईला म्हणे, "चूल आवडली तर शेजारणीला सांगा हो." हळूहळू मुलींच्या पोटात दोन्ही वेळचं पडू लागलं.

मोठ्या वाड्यांतून मात्र तिला बोलावणं येईना. तिथं एका म्हातारीचा हात चाले. ती चाळीस वर्षं नगरीत चुली घालत आली होती.

एके दिवशी पाणवठ्यावर सावकारीणबाईंनी चुलीवालीला विचारलं, "आमच्याकडे लग्न निघालंय. चुली तुझ्याकडून घ्याव्या, की म्हातारीकडून?"

चुलीवालीच्या तोंडून निघून गेलं, "म्हातारीचा हात चांगलाच आहे हो. पण तिनं सराफांकडे चूल घातली आणि त्यांची सून आजारी पडली, म्हणतात."

सून त्याच्या आधीपासूनच तापानं पडून होती. चुलीवालीला ते माहीत होतं.

घागरी घरी पोचायच्या आत तो शब्द घरोघरी पोचला. लग्नाच्या चुली तिला मिळाल्या. मागोमाग वाडेही मिळाले. म्हातारीला कुणी दारात उभं करीना.

महिन्याभरानं म्हातारीच तिच्या दारी आली.

"पोरी, माझ्या हाताला अवदसा लागलीय म्हणे," ती खाली मान घालून म्हणाली. "चुलीला मी शिवणार नाही. नुसती माती तुडवून देईन. भाकरीपुरतं दे."

चुलीवालीनं तिला आत घेतलं. तिनं म्हातारीला जेवू घातलं आणि तशीच पाणवठ्यावर धावली.

"बायांनो, मी खोटं बोलले! म्हातारीच्या हाताला काही झालेलं नाही!"

बायका एकमेकींकडे बघून हसल्या. एक म्हणाली, "किती गं मोठं मन तुझं! म्हातारीची अब्रू झाकायला स्वतःला खोटं म्हणवून घेतेस."

ती दारोदार गेली. शपथा घातल्या, रडली. जितकी रडली, तितकी लोकांना ती भली वाटली आणि म्हातारीचं अवलक्षण खरं वाटलं.

मग सराफांकडून बोलावणं आलं. सराफीणबाईंनी स्वयंपाकघरातली चूल दाखवली. "ही आधी फोड. म्हातारीच्या हातची आहे. मगच नवी घाल."

चुलीवाली खाली बसली. चूल सुरेख होती. काठ गुळगुळीत, बाजूच्या छोट्या वैलाचं तोंड नेमकं, भिंतीवर काजळीचा डागसुद्धा नाही. स्वतः तिलाही याहून चांगली घालता आली नसती.

"बाई, ही राहू द्या," ती म्हणाली.

"तू फोडत नसशील, तर गडी फोडेल."

मुलींचे चेहरे तिच्या डोळ्यांपुढे आले. तिनं कुदळ उचलली.

बाहेर अंगणात म्हातारी भाकरीपुरत्या मोलानं नव्या चुलीची माती तुडवत होती. पहिला घाव बसला तसे तिचे पाय थांबले. मग ती पुन्हा तुडवू लागली.

आठवड्याच्या आत म्हातारी गेली. आजार म्हणावा असा काही नव्हता.

चुलीवालीला पुढं कधी कामाची ददात पडली नाही. घरोघरून बोलावणी येत, आणि घरोघरी ती आधी एक चांगली चूल फोडी, मग दुसरी घाली. खरं काय ते तिला माहीत होतं आणि ऐकून घ्यायला कुणी नव्हतं.

म्हणून मुलांनो, थोरांनो, आपल्या कामाचं नाव लोकांच्या तोंडी जरूर घाला, पण त्यासाठी दुसऱ्याचं नाव खराब करू नका. तोंडातून सुटलेला खोटा शब्द बोलणाऱ्यालाही परत आणता येत नाही.