उरलेला चिंचोका

फार पूर्वी, एका डोंगराळ मुलखात भाताची कापणी संपली की तांब्याच्या हंड्यावर पळी आपटल्याचा आवाज घुमायचा. ठण्ण! तो ऐकला की वाड्यावस्त्यांवरची सारी माणसं माळावर जेवायला जमत.

तिथली रीत अशी, की ज्याचं पान या पंगतीत पडलं तो गावचा झाला. आणखी एक रीत होती. सगळ्या ओळी सारख्या हव्यात. एखादी अपुरी राहिली तर पुढचं पीक बुडतं, असं लोक मानत.

त्या वर्षी एक मेंढपाळीण पंगतीला आली. भटकून तिचे पाय थकले होते. तिला आता याच गावात राहायचं होतं.

पंगत बसवण्याचं काम एका म्हाताऱ्याकडं होतं. सगळे त्यांना आबा म्हणत. आबांनी वाढपी सोडून सगळी माणसं मोजली, स्वतःलाही धरलं. बाईसकट दोन हजार पाचशे एकवीस भरली. मग माणसागणिक एक चिंचोका घेऊन ते जमिनीवर ओळी लावू लागले. दहा-दहाच्या लावल्या, एक चिंचोका उरला. नऊ-नऊच्या लावल्या, पुन्हा एकच. आठ, सात, सहा करत ते थेट दोनपर्यंत उतरले, तरी एक उरायचाच. अकराच्या ओळींत दोन उरले, तेराच्या ओळींत तर बारा! पुन्हा दहाच्या लावल्या, आणि उरलेला एक त्यांनी हातात घेतला.

"आबा, भात गार झाला!" मागून कुणीतरी ओरडलं. "आता चिंचोकेच वाढा!"

पहिल्या पानावर बसलेले पाटील म्हणाले, "डोकं कशाला शिणवता? या बाईला वगळा. मग दहाच्या करा, नऊच्या करा, सातच्या करा, एकही ओळ तुटायची नाही. हीच जास्तीची आहे. आकडाच सांगतोय."

बाईनं काठी उचलली. "राहू द्या, बाबा," ती आबांना म्हणाली. "माझ्यापायी तुमचं पीक नको बुडायला."

आबांनाही वाटलं, असेल खरं. आकड्यापुढं आपण काय बोलणार? तेवढ्यात हातातल्या चिंचोक्यावर त्यांची नजर गेली. मघाशी उरलेला फिकट होता. त्याआधीचा कडेला फुटलेला. हा काळाभोर होता.

"पाटील," ते सावकाश म्हणाले, "एक उरतो, हे खरं. पण दर वेळी निराळाच उरतो हो. यातला बाईंचा कोणता, ते तुम्हीच सांगा. मला तर ओळखू येईना."

आबांनी तो काळा चिंचोका पाटलांपुढं धरला.

"हा माझाही असेल," आबा म्हणाले. "त्या बसल्या आणि मी बाजूला झालो, तरी ओळी पुऱ्याच भरतात."

पाटलांनी त्या चिंचोक्याकडं पाहिलं. मग ते पानावरून उठले. बाईला हातानंच आपली जागा दाखवली, पंचा कमरेला खोचला, आणि वाढप्यांच्या दिशेनं चालू लागले.

तात्पर्य: कुणीतरी एक उरणार, एवढंच आकडा सांगतो; तो कोण, हे माणसं ठरवतात.